फुकटच्या विहिरीचा गाळ कोण काढणार?



मागच्या बॅचमध्ये इंदापूरहून (पुण्याच्या नव्हे, आपल्या हायवेवरच्या) येणाऱ्या एका मुलाने मला भर वर्गात अडवलं. मी नेहमीप्रमाणे सांगत होते, "दुकान सुरू करताना सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. हिशेबाला लिबरऑफिस घ्या, बॅनर-व्हिजिटिंग कार्डला इंकस्केप घ्या, व्हिडिओ रेकॉर्ड करायला ओबीएस घ्या. सगळं फुकट." तो म्हणाला, "ताई, गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत की फुकट काम करू नका, आपल्या कामाची किंमत लावा. मग हे लोक फुकट का करतात? आणि आपण ते फुकट घेतो ते बरोबर कसं?"

वर्ग हसला. मीही हसले आणि "पुढच्या वेळी सांगते" म्हणून विषय बदलला. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. किंमत कशी लावायची हे शिकवून मी पैसे घेते, आणि ते शिकवण्याचा व्हिडिओ ज्या सॉफ्टवेअरवर बनतो त्याला मी सहा वर्षांत एक रुपया दिला नव्हता. म्हणून हा लेख थोडा त्या मुलासाठी आहे आणि थोडा माझ्यासाठीही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ओपन सोर्स म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड सगळ्यांना उघडा असतो. कुणीही तो वाचावा, वापरावा, बदलावा, वाटावा. यातली बरीच सॉफ्टवेअर्स जगभरातले लोक नोकरी सांभाळून, रात्री जागून, हौसेने बनवतात. तळ्यातल्या माझ्या झेरॉक्स आणि डिझाइनच्या दुकानात दोन जुने कॉम्प्युटर आहेत. दोन्हींवर आज एकही चोरीचं सॉफ्टवेअर नाही. पूर्वी होतं, लपवत नाही. एकदा व्हायरसने पत्रिकांच्या सीझनमध्ये सगळ्या फाइली खाल्ल्या आणि मी शहाणी झाले. तेव्हापासून माझं दुकान या अनोळखी लोकांच्या कामावर उभं आहे.

विहीर सगळ्यांची असते तेव्हा

वाडीतली सार्वजनिक विहीर आठवा. पाणी सगळे भरतात. वैशाखात तळ दिसायला लागला की प्रश्न येतो, गाळ कोण काढणार? विहीर खणताना सगळी वाडी उत्साहाने येते, नारळ फुटतो, फोटो निघतात. गाळ काढायला त्यातले चौघे येतात, आणि पुढच्या वर्षी त्या चौघांचे दोघे होतात.

सॉफ्टवेअरचंही असंच होतं. नवीन काहीतरी बनवायला मजा येते. जुन्यातल्या चुका शोधणं, सुरक्षा तपासणं, लोकांच्या तक्रारींना उत्तरं देणं हा गाळ आहे.

तो काढला नाही तर काय होतं ते एप्रिल 2014 मध्ये जगाने पाहिलं. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं ते छोटं कुलूप आठवतंय? त्यामागे कितीतरी वेबसाइट्सवर ओपनएसएसएल नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर काम करत असतं. त्यात एक मोठी चूक सापडली, तिला हार्टब्लीड असं नाव पडलं. सर्व्हरच्या मेमरीतला गुप्त मजकूर, अगदी पासवर्डसुद्धा, बाहेरच्या माणसाला वाचता येत होता. चूक 2012 पासून तिथेच होती. मग लोकांनी चौकशी केली की हे सांभाळतं कोण? पूर्णवेळ काम करणारा एक माणूस निघाला. देणग्या किती येत? वर्षाला साधारण 2,000 डॉलर. त्या वेळच्या भावाने सव्वा लाख रुपये धरा. अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या त्या विहिरीचं पाणी पीत होत्या आणि गाळ काढायला एक माणूस होता! हार्टब्लीडनंतर गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी लिनक्स फाउंडेशनमार्फत अशा प्रकल्पांसाठी निधी उभा केला.

दुसरी गोष्ट अलीकडची आणि जास्त अस्वस्थ करणारी आहे. एक्सझेड नावाचं फाइल लहान करणारं एक साधन आहे. ते अनेक वर्षं एकच माणूस सांभाळत होता, विनामोबदला, छंद म्हणून. तो थकला होता. त्याने तसं 2022 मध्ये उघडपणे लिहिलंही होतं. अशा वेळी एक "मदतनीस" पुढे आला. हळूहळू कामं केली, विश्वास मिळवला, चाव्या हातात घेतल्या आणि शेवटी सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरच्या लक्षात आलं की लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो खोदत गेला म्हणून जग वाचलं. थकलेल्या माणसाला "मी करतो की, तुम्ही बसा" असं कुणी म्हटलं की किती बरं वाटतं, हे एकट्याने दुकान चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

आता तुम्ही म्हणाल, मग ताई, उत्तर सोपं आहे. द्या की पैसे!

पैसे दिले आणि भांडण झालं

डेबियन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. विंडोजसारखीच ती एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे, 1993 पासून चालू आहे आणि स्वयंसेवकांनी बनवलेली आहे. प्रसिद्ध उबुंटू तिच्यावरच उभी आहे. या लोकांचा कारभार मोठा शिस्तीचा, नेता दरवर्षी मतदानाने निवडतात. पण एक दुखणं जुनं होतं. नवीन आवृत्ती कधीच वेळेवर येत नसे. कारण स्वयंसेवकाला तारीख कोण सांगणार? लग्नघरात सगळे पाहुणे असतात, पण मंडपवाला, भटजी, आचारी सगळ्यांच्या मागे लागणारा एक मामा लागतो. डेबियनमध्ये त्या मामाला रिलीज मॅनेजर म्हणतात.

2006 साली तेव्हाचे नेते अँथनी टाउन्स आणि काही जणांनी एक प्रयोग काढला, त्याचं नाव डंक-टँक. बाहेरून वर्गणी जमवायची आणि दोन रिलीज मॅनेजरना एकेक महिना पूर्णवेळ कामाचे पैसे द्यायचे, म्हणजे 4 डिसेंबर 2006 ही ठरलेली तारीख गाठता येईल. हेतू चांगला होता आणि पैसे प्रकल्पाच्या तिजोरीतलेही नव्हते.

तरी ठिणगी पडली. बाकीचे म्हणाले, आम्ही इतकी वर्षं रात्री जागून करतो ते काय कमी मोलाचं? या दोघांनाच का? आणि कुणाला द्यायचे हे ठरवणारे तुम्ही कोण? काहींनी निषेध म्हणून आपलं काम कमी केलं. नेत्याला पदावरून काढा असा ठराव मतदानापर्यंत गेला. तो फेटाळला गेला, पण मनं दुखावली ती दुखावलीच. नवी आवृत्ती आली 8 एप्रिल 2007 ला, म्हणजे चार महिने उशिरा.

उशीर याच भांडणामुळे झाला असं मी म्हणत नाही, सॉफ्टवेअरला उशिराची कारणं शंभर असतात. पण ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला घाम फुटला. कारण हेच मी केलं होतं, इथे, तळ्यात.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून लिबरऑफिसमध्ये एक "उधारी वही" बनवली. किराणा, दूध, मच्छी, कुठल्याही छोट्या दुकानाची उधारी त्यात लिहायची. कुणाकडे किती, किती दिवसांपासून, सगळं समोर दिसतं. माझ्या बॅचचे तीन विद्यार्थी आणि मी. पैसे कुणालाच नाहीत, वापरणाऱ्यांनाही फुकट. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बसायचो, वडापाव माझ्याकडून.

वही चालली. मग फोन सुरू झाले. "ताई, बेरीज चुकते." "ताई, फाइल उघडत नाही." "ताई, आमच्या भावालाही बसवून द्या." हे फोन तिघांपैकी एकच मुलगा घेत होता, अगदी रात्री अकराला सुद्धा. गणपतीच्या तोंडावर मी त्याला बाजूला बोलावलं आणि पाकिटातून 3,000 रुपये दिले. म्हटलं, कुणाला सांगू नकोस.

कोकणात "कुणाला सांगू नकोस" म्हटलेली गोष्ट किती दिवस टिकते? आठवडाभराने दुसऱ्याने मला विचारलं, "ताई, मग आम्ही काय बिनपगारी का?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. तोपर्यंत तो मित्रांबरोबर बसून काहीतरी बनवत होता. माझ्या त्या पाकिटाने एका क्षणात त्याला न मिळालेल्या पगाराचा नोकर करून टाकलं. ते दोघं नंतर आले नाहीत. ज्याला पैसे दिले तोही दोन महिन्यांत थांबला, कारण आता प्रत्येक फोनला त्याला वाटायचं की याचे किती?

मी खूप दिवस समजत होते की पैसे दिले हीच चूक. आता तसं वाटत नाही.

आपल्या शिमग्याकडे बघा. पालखी खांद्यावर घेणाऱ्याला कुणी पैसे देत नाही. देऊन बघा, तो तुम्हाला मारायला उठेल. तो त्याचा मान आहे. पण त्याच पालखीपुढच्या खालूबाजाची सुपारी ठरलेली असते. मंडपवाल्याचं बिल असतं, आचाऱ्याचं असतं. खांदेकरी कधी म्हणतो का की बाजावाल्याला दिले, मग मला का नाही? नाही म्हणत. कारण कोणतं काम मानाचं आणि कोणतं मोलाचं हे गावाने आधीच ठरवलेलं आहे, सगळ्यांसमोर. मुंबईकरांची वर्गणी येते, पावती फाटते, हिशेब फळ्यावर लागतो.

मी काय केलं? मानाच्या कामाच्या मधोमध जाऊन एकालाच मोल दिलं, तेही गुपचूप. फोन घेणं हे वेगळं, कंटाळवाणं, वेळ बांधून घेणारं काम आहे, त्याचे महिन्याला इतके, ज्याला हवं त्याने घ्यावं, असं चौघांत बसून आधी ठरवलं असतं तर? कदाचित त्या दोघांपैकीच एकाने घेतलं असतं.

गंमत म्हणजे डेबियननेही पुढे हाच रस्ता काढला. जुन्या आवृत्त्यांची सुरक्षा सांभाळणं हे काम हौसेने कुणी करत नाही, तो शुद्ध गाळ आहे. 2014 पासून त्यासाठी फ्रेक्सियन नावाची फ्रान्समधली कंपनी वापरणाऱ्या कंपन्यांकडून पैसे गोळा करते आणि डेबियनच्याच लोकांना तासांवर देते. किती तास, काय काम, याचा अहवाल दर महिन्याला सगळ्यांना वाचायला मिळतो. तेच लोक, तेच पैसे, पण 2006 सारखा भडका उडाला नाही.

बक्षिसाचंही तेच. "चार बदल पाठवा, टी-शर्ट मिळवा" अशी हॅक्टोबरफेस्ट नावाची एक योजना दर ऑक्टोबरात असायची. 2020 मध्ये टी-शर्टसाठी लोकांनी कचऱ्यासारखे बदल पाठवायला सुरुवात केली, कुठे एक शब्द वाढव, कुठे "छान प्रोजेक्ट" लिही. बिचारे स्वयंसेवक कचरा उपसत बसले. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला की ज्या प्रकल्पाची इच्छा असेल तोच यात धरला जाईल. या कचऱ्याला मोठा हातभार आपल्याच देशातल्या एका शिकवणीच्या व्हिडिओने लावला होता, म्हणून व्हिडिओ बनवताना ही गोष्ट मी लक्षात ठेवते.

मुंबईचा रस्ता

आता धंद्याचं बोलू, त्यासाठीच तुम्ही इथे येता.

मुंबईत रुषभ मेहता नावाचे इंजिनियर. घरचा फर्निचरचा व्यवसाय. त्या व्यवसायासाठी स्टॉक, खरेदी, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर हवं होतं, ते बनवता बनवता 2008 मध्ये कंपनीच सुरू झाली. आज तिचं नाव फ्रॅपे आणि सॉफ्टवेअरचं नाव ईआरपीनेक्स्ट. ते पूर्ण ओपन सोर्स आहे. तुम्ही आज डाउनलोड करून स्वतःच्या सर्व्हरवर टाकलंत तर फ्रॅपेला एक पैसा द्यावा लागत नाही. तरी ही कंपनी आपल्या डेव्हलपर्सना पगार देते. कसा? सर्व्हर सांभाळून देण्याचे पैसे, अडचण सोडवण्याचे पैसे. शिवाय ते बसवून देण्यावर दुसऱ्या कितीतरी छोट्या कंपन्यांचं पोट चालतं. बाहेरचे स्वयंसेवकही त्यात भर घालतात, पगारी लोकही घालतात, आणि कोण कुठल्या खुर्चीत बसलाय हे सगळ्यांना माहीत असतं.

तुम्हाला हे नवीन वाटेल, पण माझ्या दुकानात रोज हेच चालतं. सरकारी अर्ज फुकट असतो. तो नीट भरून, कागद जोडून, चूक न होता पाठवून देण्याचे मी पैसे घेते. गिऱ्हाइकाने कधी विचारलंय का, अर्ज फुकट आहे मग तुम्ही पैसे कसले घेता? विचारतात काही जण, पण पुढच्या वेळी माझ्याकडेच येतात!

पुण्याचंही एक उदाहरण देते. लोहित नावाचा देवनागरी फॉन्ट लिनक्स वापरणाऱ्यांना माहीत असेल. मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, ती रेड हॅट कंपनीने सगळ्यांसाठी खुली केली आणि पुढे तिच्या पुण्यातल्या पगारी माणसांनी ती दुरुस्त करत नेली. कॉम्प्युटरवर आपली जोडाक्षरं सरळ दिसतात, त्यात हौसेइतकाच पगाराचाही वाटा आहे. लिनक्सच्या गाभ्यातला बहुतेक कोडसुद्धा आज कंपन्यांचे पगारी लोक लिहितात. "ओपन सोर्स म्हणजे फुकट राबणारे लोक" हे चित्र अर्धंच खरं आहे. राबणारे फुकट आहेत ते मुख्यतः त्या छोट्या, न दिसणाऱ्या प्रकल्पांत, ज्यांच्यावर बाकी सगळं टेकलेलं असतं.

शेअर बाजारवाली झिरोधा तुम्हाला माहीत असेल. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी फ्लॉस फंड जाहीर केला. जगभरातल्या ओपन सोर्स प्रकल्पांना वर्षाला 10 लाख डॉलर, एका प्रकल्पाला 10 हजार ते 1 लाख डॉलर. कारण त्यांनीच सांगितलं, आमची कंपनी या सॉफ्टवेअरवर उभी राहिली. याला मी दानधर्म म्हणणार नाही. ज्या विहिरीचं पाणी आपण भरतो तिच्या गाळाची ती मजुरी आहे.

मग माझं मत काय? पैसे द्यावेत. पण आधी कंटाळवाण्या, जबाबदारीच्या, तारखेच्या कामाला द्यावेत, वापरणाऱ्याने द्यावेत आणि फळ्यावर लिहून द्यावेत. ज्याला हौसेने करायचं आहे त्याची हौस विकत घ्यायला जाऊ नये. एक अडचण मला अजून सुटलेली नाही. बर्लिनच्या माणसाचा तास आणि माणगावच्या पोराचा तास, दोघांचं काम एकच, तर दर एकच लावायचा का? मनाला एकच पटतो. तिजोरी वेगळं सांगते.

आपण काय करायचं

तुम्ही झिरोधा नाही, मीही नाही. मी या एप्रिलपासून खर्चाच्या वहीत नवीन खातं उघडलं: "विहीर". महिन्याला 200 रुपये. वर्षाचे 2,400 झाले की माझ्या सर्वांत जास्त वापरातल्या सॉफ्टवेअरला पाठवायचे. यंदा ओबीएस, कारण त्याच्याशिवाय हे चॅनलच नाही. प्रकल्पाच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच द्या, गूगलवर दिसेल त्या लिंकवर नको, नावाची नक्कल करणारे भरपूर आहेत. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून, पैसे गेले की परत बंद करा. आणि बाहेरच्या देशातल्या संस्थेला दिलेल्या पैशांवर 80जी ची सूट मिळत नाही, तेव्हा सीएला उगाच छळू नका.

पैसे नसतील तर? चूक दिसली तर नीट लिहून कळवा: काय करत होतात, काय झालं, स्क्रीनशॉट. "चालत नाही" एवढंच लिहून पाठवलं तर तो गाळात आणखी गाळ झाला. मराठी भाषांतराची वाक्यं तपासून द्या, ते काम पुण्या-मुंबईच्या इंजिनियरपेक्षा आपल्यातला मराठी चांगलं असलेला माणूस सरस करेल.

आणि तुम्ही स्वतः काही फुकट वाटायचं ठरवलंत, अ‍ॅप, फॉर्म, रेसिपीची पीडीएफ, काहीही, तर पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहा: काय फुकट, कशाचे पैसे, फोन किती ते किती. मी हे उशिरा शिकले.

उधारी वही गेल्या दिवाळीत पुन्हा सुरू केली. फाइल फुकट आहे, कुणीही न्या. फोनवर मदत हवी असेल तर दुकानामागे वर्षाला 300 रुपये. त्यातले 200 फोन घेणाऱ्याला, 100 पुढच्या दुरुस्तीसाठी. हिशेब दुकानातल्या फळ्यावर, झेरॉक्सच्या रेटकार्डाशेजारी. आतापर्यंत 23 दुकानं आली आहेत, 40 येतील असं वाटलं होतं. फोन आता इंदापूरचा तो मुलगा घेतो, सकाळी दहा ते संध्याकाळी सात.

जुन्या दोघांपैकी एक जण परत आला. पैसे नको म्हणाला, त्याला व्याजाचा हिशेब सुधारायचा होता, तो त्याने सुधारला. दुसरा रोज दुकानासमोरून जातो. मी नमस्कार करते, तोही करतो. फळ्याकडे मात्र अजून बघत नाही.